कॉलेजातले पोलिसांचे सुरक्षा कार्यक्रम: उपयोग होतोय का, हे तपासायचं कसं?

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की समित्यांच्या याद्या नोटीस बोर्डावर लागतात. ‘विद्यार्थी सुरक्षा’ हे काम बहुतेक वेळा नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. सोबत एखादी विद्यार्थिनी प्रतिनिधी असते, एखादे पालक असतात. वर्षभरात पोलीस ठाण्याकडून दोन-तीन कार्यक्रम होतात. निरीक्षक साहेबांचं भाषण, कराटेचं प्रात्यक्षिक, सायबर गुन्ह्यांवर एक व्याख्यान. फोटो नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत लागतात आणि ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ अशी बातमी येते. उपयोग किती झाला, हे कुणी विचारत नाही, कारण विचारायचं कसं हेच कुणी शिकवलेलं नसतं. सोलापुरातल्या कॉलेजांत हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कार्यक्रम किती झाले हे मोजू नका. ज्याला किंवा जिला त्रास झाला, त्यांनी तो कुणाला तरी सांगितला का, आणि सांगितल्यावर पुढे काय झालं, हे मोजा. बाकी सगळी तपासणी या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी करायची.

पायरी १: हद्द आणि माणसं माहीत करून घ्या

आपल्याकडे कॉलेजचे स्वतःचे पोलीस नसतात. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांचं स्वतंत्र पोलीस खातं असतं आणि तिथल्या अधिकाऱ्यांना अटकेचे अधिकार असतात. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक नमुना फॉर्म आणि तपासणी याद्या तिथल्याच असतात. त्या जशाच्या तशा उचलू नका. आपल्या गेटवरचा सुरक्षारक्षक खासगी एजन्सीचा माणूस असतो. अटकेच्या बाबतीत त्याचे अधिकार सामान्य नागरिकाइतकेच. म्हणून आपल्याकडे तीन साखळ्या वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: कॉलेजचे रक्षक, कॉलेजच्या समित्या आणि पोलीस ठाणं.

सोलापूर शहर आयुक्तालयात सात ठाणी आहेत: फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, एमआयडीसी आणि सलगर वस्ती. शहराच्या हद्दीबाहेर गेलात की ग्रामीण पोलीस अधीक्षकांचं क्षेत्र लागतं. केगावला पुणे महामार्गावर असलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठासारखा शहराच्या कडेचा परिसर असेल, तर हद्द तोंडी विचारू नका, लेखी घ्या. शिवाय कॉलेजचं गेट एका ठाण्याच्या हद्दीत, वसतिगृह दुसऱ्या, आणि जुळे सोलापुरात खोली करून राहणारी मुलं तिसऱ्या, असंही होतं. कार्यक्रम घेणारं ठाणं आणि मुलांना खरोखर ज्या ठाण्यात जावं लागेल ते ठाणं एकच आहे का, ही तुमची पहिली नोंद.

त्यासोबत एका कागदावर लिहून काढा: तुमच्या भागाचा बीट अंमलदार कोण, दामिनी किंवा निर्भया या मुलींच्या सुरक्षेसाठीच्या पोलीस पथकातल्या कुणाशी बोलायचं, ते शेवटचे कधी आले होते. नाव-नंबर सहा महिन्यांपूर्वीचे असतील तर ते जुने धरा. बदल्या होत राहतात आणि नोटीस बोर्डावरचा नंबर आता भलत्याच जिल्ह्यात गेलेल्या अधिकाऱ्याचा निघतो.

एक गोष्ट मुलांना माहीत आहे का, तेही इथेच तपासा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ असं सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. पोलिसांच्या व्याख्यानात हे सांगितलं गेलं नसेल, तर व्याख्यान अपुरं होतं.

पायरी २: समित्या कागदावर आहेत की कामात, ते पाहा

इथे घाई करू नका. पोलिसांचे कार्यक्रम फसतात ते बऱ्याचदा याच ठिकाणी. मुलगी धीर करून कॉलेजात बोलते आणि पुढे कुणी हलत नाही.

अंतर्गत तक्रार समितीपासून सुरुवात करा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१५ चे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका असावी लागते. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. बाहेरच्या सामाजिक संस्थेतली एक व्यक्ती लागते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात आणि ते निवडून आलेले असायला हवेत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती या समितीत बसू शकत नाहीत. फलकावरची यादी घ्या आणि एकेक नाव या अटींशी ताडून पाहा. बाहेरच्या सदस्यांना फोन करून विचारा की शेवटची बैठक कधी झाली. त्या म्हणाल्या, ‘माझं नाव आहे का समितीत?’ तर तुम्हाला अहवालातला पहिला मुद्दा मिळाला.

घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. या तारखा मुलींना माहीत आहेत का, हे पुढच्या प्रश्नावलीत विचारा.

रॅगिंगचं वेगळं पाहा. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. हिमाचलमध्ये मार्च २००९ मध्ये अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी अनुदान आयोगाचे नियम आले. त्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी समितीत पोलिसांचा प्रतिनिधी असावा लागतो. तुमच्या समितीतला पोलीस प्रतिनिधी कोण आणि तो बैठकीला आला होता का, हे इतिवृत्तावरच्या सह्या पाहून कळतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वसतिगृहाच्या जिन्यात, मेसच्या दारात, दिसेल अशी लावलेली हवी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावून उपयोग नाही.

तक्रारपेटीकडे नीट बघा. मी पाहिलेल्या एका कॉलेजात पेटी ऑफिससमोरच्या भिंतीवर होती. बरोबर वर कॅमेरा, समोर शिपायाचं स्टूल. कुलपाला गंज चढलेला आणि किल्ली कुणाकडे आहे, यावर दोन क्लार्कांची दोन उत्तरं. पेटीत चिठ्ठी नाही, म्हणून त्या वर्षीच्या अहवालात ‘एकही तक्रार नाही’ असं लिहिलेलं होतं. चिठ्ठी टाकणाऱ्या मुलीला तिथे कोण कोण पाहणार, हे तिच्या जागी उभं राहून बघा. मुलींच्या विश्रांती कक्षातली पेटी आणि दर आठवड्याला ठरल्या वारी दोन माणसांनी मिळून ती उघडणं, एवढ्यानेही फरक पडतो. पेटी उघडल्याची तारीख आणि सह्या असलेली वही असायला हवी.

पायरी ३: पायी फेरी

दोनदा फिरा. एकदा संध्याकाळी साडेसहा-सातला, प्रॅक्टिकल सुटल्यावर. एकदा एप्रिलच्या दुपारी. पारा चाळिशीच्या वर गेला की सोलापूरचे रस्ते ओस पडतात, आणि त्या वेळी परिसरातली मागची बाजू रात्रीइतकीच निर्मनुष्य असते. हे बाहेरच्या तपासणी याद्यांत सापडणार नाही.

सोबत मुली घ्या, रक्षक घ्या, जमलं तर बीट अंमलदार घ्या. मुलींना पुढे चालू द्या आणि त्या कुठे पाय उचलून चालतात, ते बघा. दिव्याखाली उभं राहून पंधरा पावलांवरच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो का? बंद दिव्याचं बटण कुठे आहे, ते कोण लावतं, सुट्टीच्या दिवशी कोण लावतं? पार्किंगमधून गेटपर्यंत, गेटपासून बस थांब्यापर्यंत, थांब्यापासून रिक्षापर्यंत. कॉलेजची हद्द गेटला संपते, मुलीचा रस्ता संपत नाही.

गेटबाहेर १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. साधारण ९० मीटर. पावलांनी मोजा. टपरी आत असेल तर फोटो काढण्यापेक्षा तिथे कोण किती वेळ थांबतं ते पाहा. मुलींना त्रास देणारी टोळकी बहुतेक अशाच ठिकाणी जमतात, आणि गस्तीची गाडी तिथे कधी येते हे टपरीवाल्याइतकं नेमकं कुणाला माहीत नसतं.

कॅमेऱ्यांची परीक्षा सोपी आहे. दहा दिवसांपूर्वीचं, ठरावीक कॅमेऱ्याचं, पाच मिनिटांचं चित्रण मागा. मिळायला किती वेळ लागला, घड्याळ बरोबर आहे का, चेहरा दिसतो का, आणि ते पाहण्याची परवानगी कुणाला आहे, याची नोंद करा. पुरावा म्हणून चित्रण द्यायचं तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते कोण देणार, हे आधी ठरलेलं असावं. मुलींच्या वसतिगृहाचं चित्रण रक्षकांच्या खोलीत कुणीही बसून पाहू शकत असेल, तर तो कॅमेरा स्वतःच एक धोका आहे आणि तसं स्पष्ट लिहा.

११२ वर चाचणी म्हणून फोन करू नका. तिथे खऱ्या अडचणीतली माणसं रांगेत असतात. प्रतिसादाला किती वेळ लागतो, याचे आकडे ठाण्याकडे पत्र देऊन मागता येतात.

पायरी ४: विद्यार्थ्यांना विचारा, पण जपून

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आणि सगळ्यांत नाजूकही.

प्रश्नावलीवर नाव, हजेरी क्रमांक, मोबाइल काही नको. वर्गशिक्षकांनी वर्गात उभं राहून भरून घेऊ नये. सोपं मराठी वापरा. ‘आपणांस लैंगिक छळवणुकीचा अनुभव आला आहे काय’ असं विचारलं की बहुतेक मुली ‘नाही’ वर खूण करतात. ‘गेल्या वर्षभरात कुणी पाठलाग केला का? नको असताना वारंवार मेसेज केले का? गर्दीत मुद्दाम धक्का दिला का?’ असं विचारलं की तीच मुलगी थांबते, आठवते आणि खरं लिहिते. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या, अक्कलकोट बाजूच्या कन्नड बोलणाऱ्या आणि उर्दू माध्यमातून आलेल्या एकेका मुलीकडून प्रश्न आधी वाचून घ्या. कुठे अडतं ते त्या लगेच सांगतात.

प्रत्येक ‘हो’च्या पुढे दोनच उपप्रश्न: कुणाला सांगितलं? पुढे काय झालं? मुलांनाही हेच विचारा. रॅगिंग, मोबाइलची चोरी, लोन अ‍ॅपवाल्यांच्या धमक्या हे मुलगे घरीसुद्धा सांगत नाहीत.

एक कायदेशीर बाब आधीच समजून घ्या. अकरावी-बारावीची मुलं बहुधा अठराच्या आतली असतात. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘मला सांग, कुणाला सांगणार नाही’ असं वचन ज्युनिअर कॉलेजच्या मुलीला कधीही देऊ नका. वर्गात बसण्याआधीच सांगा की इथे काय गुप्त राहील आणि काय कळवावं लागेल. प्रश्नावलीच्या शेवटी फाडून नेता येईल अशी पट्टी ठेवा: ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०. कुणी रडलं तर बाहेर नेऊन बोलायला एक समंजस बाई जवळ हवी. तेवढी सोय नसेल तर त्या दिवशी प्रश्नावली घेऊ नका.

अप-डाउन करणाऱ्यांना विसरू नका. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटहून एसटीच्या पासवर येणारी मुलगी चारच्या गाडीला निघते. साडेचारला ठेवलेला पोलिसांचा कार्यक्रम तिच्यासाठी झालेलाच नसतो. हजेरीपट काढा आणि त्यातल्या किती जणी गावाकडच्या, ते बघा. ज्यांचा रस्ता सगळ्यांत लांब, त्याच गैरहजर असतात.

पायरी ५: आकडे उलटे वाचू नका

समजा, ३०० मुलींपैकी ९० जणींनी वर्षभरात त्रास झाल्याचं लिहिलं आणि त्यातल्या ९ जणींनी तक्रार दिली. पुढच्या वर्षी ८० जणींना त्रास झाला आणि २४ जणींनी तक्रार दिली. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये तक्रारी ९ वरून २४ वर गेल्या. व्यवस्थापन घाबरतं, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून धावपळ होते. खरं तर त्रास कमी झाला आहे आणि दहात एक बोलत होती, तिथे आता दहात तीन बोलतात. हाच कार्यक्रमाचा यशाचा आकडा. ‘शून्य तक्रारी’ पाहून समाधान मानणाऱ्या प्राचार्यांना हे उदाहरण कागदावर मांडून दाखवा, तोंडी पटत नाही.

अमेरिकेत हे प्रकरण कायद्यापर्यंत गेलं. १९८६ साली लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्याने १९९० मध्ये कायदा झाला, आणि आता तिथल्या संस्थांना आधीच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे दर वर्षी जाहीर करावे लागतात. आपल्याकडे असं बंधन नाही. पण अनुदानित कॉलेज आणि पोलीस ठाणं दोन्हीकडे माहितीचा अधिकार चालतो. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांच्या आत आणि एकच विषय, उत्तर ३० दिवसांत. नावं मागू नका, संख्या मागा. आधी साधं पत्र द्या, बहुतेक वेळा त्यावर काम होतं.

पायरी ६: एकेका कार्यक्रमाचा कस

भाषणांपासून सुरुवात करू. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात जाऊन व्यसनाविरुद्ध शिकवत. तो खूप लोकप्रिय झाला, अनेक देशांत गेला. नंतरच्या अभ्यासांत मात्र व्यसनाच्या प्रमाणावर त्याचा परिणाम नगण्य निघाला. टाळ्या मिळाल्या म्हणजे वागणं बदललं, असं धरू नका. व्याख्यानाआधी तीन साधे प्रश्न विचारा आणि तेच प्रश्न दीड महिन्याने विचारा. उदाहरणार्थ: पैसे गेल्यावर कुठल्या नंबरवर फोन करायचा? दीड महिन्याने १९३० किती जणांना आठवला, ते त्या व्याख्यानाचे गुण. ऑनलाइन पैसे गेले तर मिनिटामिनिटाला महत्त्व असतं, त्यामुळे हा नंबर पाठ असणं ही छोटी गोष्ट नाही.

स्वसंरक्षणाबद्दल मला मनापासून सांगायचंय. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० मुलींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला तीन-तीन तासांची चार सत्रं, दुसऱ्या गटाला माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण पहिल्या गटात ५.२ टक्के, दुसऱ्यात ९.८ टक्के. त्या सत्रांत हातपाय चालवणं होतंच, पण ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं आणि ‘त्याला काय वाटेल’ हा संकोच मोडणं यावर मोठा भर होता. आपल्याकडे स्टेजवर दोन मुली फरशा फोडतात आणि चारशे जणी खाली बसून बघतात. म्हणून दामिनी पथकाकडे मागणी करा: चारशे जणींसाठी एक तास नको, तीस-तीसच्या तुकड्यांना चार बैठका द्या. कमी मुली शिकतील, पण शिकतील.

गस्तीसाठी पथकाच्या येण्याच्या वेळा आणि प्रश्नावलीत आलेल्या त्रासाच्या वेळा शेजारी शेजारी लिहा. पथक अकराला येतं आणि त्रास साडेपाचला होतो, असं निघालं तर वेळ बदलून मागा. गस्त वाढल्यावर टोळकं पुढच्या चौकात सरकलं का, तेही बघा.

पायरी ७: एक पानाचा अहवाल आणि ठाण्यातली बैठक

अहवाल एकाच पानाचा करा. चार-पाच मुद्दे, प्रत्येकापुढे काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. कुणाचीही ओळख पटेल असा तपशील नको. छळाच्या तक्रारीतला मजकूर उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. वर्ग, गाव, घटनेची तारीख एकत्र लिहिली तरी मुलगी ओळखू येते.

ते पान घेऊन प्राचार्यांसह ठाण्यात जा. निरीक्षकांना बंदोबस्ताची कामं असतात, तुम्हाला वीस मिनिटं मिळतील. सुरुवात आभारांनी करा, आणि मनापासून करा. कमी मनुष्यबळात हे कार्यक्रम घेणाऱ्या महिला अंमलदारांनी स्वतःचा वेळ काढलेला असतो. मग तीनच गोष्टी मागा: गस्तीची बदललेली वेळ, संपर्कासाठी एक ठरलेला अंमलदार, आणि पुढच्या सत्रातल्या छोट्या तुकड्यांच्या तारखा. ‘बघू’ असं उत्तर आलं तर पुढची तारीख ठरवूनच उठा. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

पुढची फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच लावा. तेव्हा अंधार लवकर पडायला लागलेला असतो, आणि जानेवारीत ठाण्याची माणसं गड्ड्याच्या यात्रेच्या बंदोबस्तात गुंतण्याआधी गस्तीचं नवं वेळापत्रक सुरू झालेलं असायला हवं.